एका दमाची कमान

पुणे, ६ जानेवारी २०२४

आबा, पाया पडते.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही हे ठाऊक असूनही परवा केला. तुम्ही 'हॅलो' म्हणायच्या आधीच 'कोन मेलं?' म्हणून ओरडलात आणि ठेवून दिलात. कुणी मेलेलं नाही. आनंदाची बातमी आहे, पण ती आता पत्रानंच सांगावी लागणार.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत तुमच्याबरोबर टेकडीवर बसून मी बासरीच्या अकरा चाली मोबाईलमध्ये घेतल्या होत्या. इथली एक संस्था मेंढपाळांच्या चालींचं पुस्तक काढते आहे. त्यात तुमच्या अकराही चाली येणार आहेत, तुमच्या नावानं. आणि त्या छापण्याजोग्या करायचं काम नेमकं आमच्या कचेरीकडे आलं, म्हणजे माझ्याकडेच. मी पुण्यात कसली नोकरी करते हे घरात कुणालाच नीट कळलेलं नाही, तर ते हे. सूर कॉम्प्युटरवर पाच रेघांत मांडायचे, कागद स्वच्छ आणि देखणा दिसेल असा.

पहिल्या सहा चाली सोबत पाठवते. तुम्हाला ऐकू येत नाही, पण बघता तर येतं. ठिपका वर असला की सूर उंच, खाली असला की खालचा. ठिपक्यांच्या डोक्यावरून जी वाकडी रेघ जाते तिला आम्ही कमान म्हणतो. एका कमानीखाली जेवढे ठिपके, तेवढे एका दमात वाजवायचे. कमान संपली की श्वास. एवढं कळलं की पुरे.

चुकलं असेल तिथे खूण करा आणि पान परत पाठवा. आजीला सांगा, थंडीत पहाटे आंघोळ करू नको म्हणावं.

तुमची नंदिनी


शिरड शहापूर, २१ जानेवारी २०२४

नंदिनी पोरी, आशीर्वाद.

पाकीट पोचलं. पोस्टमन म्हणाला, जाड आहे, कोर्टाचं दिसतं. मग ते साऱ्या आळीसमोर फोडणं भाग पडलं. आतून निघाले ठिपके. तुझ्या आजीने कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "मुंगळ्यांची रांग हाय नुसती." दुसऱ्या पानाचा कोपरा बकरीने खाल्ला, पण सूर शाबूत आहेत.

मी बोलतो तसं लिहीत नाही म्हणून हसू नको. सातवीपर्यंत शिकलो आणि मास्तर फार कडक होते. त्यांची छडी अजून हाताला आठवते.

चार दिवस तुझ्या कागदासमोर बासरी घेऊन बसलो. कानाला काही येत नाही, पण बोटांना येतं, छातीला येतं. कमानीचं मला लगेच कळलं. फार बराबर गोष्ट आहे ती. माणसाने कुठे दम घेतला हे कागदावर राहतं, हे मला माहीतच नव्हतं.

एक चूक आहे. मेंढरांना पाण्यावर न्यायची जी चाल, तिच्या तिसऱ्या ओळीत तू दोन कमानी केल्या आहेस. मी ती एका दमात काढतो. तीनदा वाजवून पाहिलं, तीनदा एका दमात निघाली. तुला मी म्हातारा वाटलो काय गं? एकाहत्तरावं चालू आहे, पण दम अजून माझाच आहे. दुरुस्त कर.

बाकीच्या पाच लवकर पाठव. पोस्टमन रोज विचारतो आहे.

संपतराव


पुणे, ३ फेब्रुवारी २०२४

आबा, पाया पडते.

चूक कबूल. पाण्याच्या चालीत आता एकच कमान आहे. मी परत ऐकलं, तुमचंच खरं होतं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आमच्या बहिऱ्या आजोबांनी माझ्या कानाची चूक काढली. सगळे खूप हसले, मला मात्र अभिमान वाटला.

कमान कशी काढतात असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण माझा सगळा दिवस त्यातच जातो. कॉम्प्युटर आपोआप कमान काढतो, पण ती असते बेढब. कुठे ठिपक्याच्या शेपटीला चिकटते, कुठे उगाच उंटाच्या पाठीसारखी वर येते. मग मी तिच्यावर क्लिक करते. लगेच तिच्या अंगावर छोटे चौकोन उमटतात. एक चौकोन धरून ओढला की टोक सरकतं, दुसरा ओढला की पोट फुगतं, तिसऱ्यानं खांदा सपाट होतो. लांब कमान मधे जवळजवळ सपाट आणि टोकांना अलगद उतरती हवी, तर ती सुंदर दिसते. वाचणाऱ्याला कळतही नाही की कुणी तिला तासभर घडवलं आहे.

उरलेल्या पाच सोबत आहेत. शेवटची संध्याकाळची वळवणी, मेंढरं घराकडे वळवायची ती. तिच्यावर मी फार मेहनत घेतली. अख्ख्या ओळीवरून एकच कमान, डावीकडून उजवीकडे. साहेब म्हणाले, पुस्तकातलं सगळ्यात देखणं पान हेच. तुम्हाला आवडेल बघा.

नंदिनी


शिरड शहापूर, १२ फेब्रुवारी २०२४

नंदिनी,

वळवणीचं पान पाहिलं.

हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या बापाने, तातेरावाने? त्याला ठाऊक असायचं कारण नाही, तो तेव्हा आठ वर्षांचा होता. तुझ्या आजीने सांगितलं असेल तर मला तसं कळव. मी तिच्या तोंडाकडे चार दिवस पाहतो आहे, पण ती नेहमीसारखीच आहे.

तू छापणार असशील तर छाप. तुझा हक्क आहे. फक्त मी मेल्यावर छापता आलं तर पाहा.

संपतराव


पुणे, १९ फेब्रुवारी २०२४

आबा, पाया पडते. रागावू नका.

तुमचं पत्र वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी तुमचंच रेकॉर्डिंग ऐकून केलं ते, आणि लबाडी केली हे खरं आहे. आता सगळं सरळ सांगते.

वळवणीत तुम्ही अर्ध्यावर थांबला आहात. बराच वेळ. मोजलं तर अकरा सेकंद आहेत. नुसता वारा ऐकू येतो, लांब कुठेतरी एक घंटी वाजते, आणि मग तुम्ही पुढचं वाजवता. मला वाटलं, तुम्हाला दम लागला. आधी मी ते होतं तसंच मांडलं होतं, दोन कमानी आणि मधे रिकामी जागा. पण तुमचं दमाबद्दलचं पत्र आलं, 'म्हातारा वाटलो काय' म्हणून, आणि मला वाटलं की हे छापलेलं बघून तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून ती अकरा सेकंदं मी काढून टाकली. दुसरी कमान पुसली, पहिलीचं टोक धरून ओळीच्या शेवटापर्यंत ओढत नेलं. माझ्या कामात याला फार वाईट समजतात. जे वाजलं तेच लिहायचं, सुंदर करण्याच्या नावाखाली खोटं करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

वय झालं की दम तुटतोच आबा, त्यात कसली शरम? मी तुम्हाला न विचारता तुमचं थकणं लपवलं, त्याची माफी मागते. पाय धरून मागते. पान पुन्हा आधीसारखं करते.

मेल्यावर छाप वगैरे असलं पुन्हा लिहू नका.

नंदिनी


शिरड शहापूर, ११ मार्च २०२४

नंदिनी पोरी,

तुझं पत्र पंधरा दिवस उशाखाली आहे. तुला काहीच माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर हे तिथेच मिटलं असतं आणि तू पान दुरुस्त करून मोकळी झाली असतीस. मला तेच करायचं होतं. पण तू माझे पाय धरून माफी मागितलीस. माझ्या थोरल्या भावाच्या, लखमाच्या नातीने माझी माफी मागावी, हे मला सोसत नाही.

मला दम लागला नव्हता. ती जागा तुझ्या आज्याची आहे.

वळवणी एकट्याने वाजवायची चाल नाही. एक जण मेंढरांच्या पुढे असतो, एक मागे, मधे टेकडी. पुढच्याने अर्धी वाजवायची आणि थांबायचं. मग मागच्याने बासरीवर उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे मागे सगळं बराबर आहे. मग उरलेली अर्धी वाजवून मेंढरं घराकडे काढायची. उत्तर आलं नाही तर आहे तिथून परत फिरायचं आणि मागे जाऊन पाहायचं. आमच्यात ही रीत माझ्या आज्याच्याही आधीची आहे. मी पुढे असायचो, लखमादादा मागे.

एक्याऐंशी साली औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत एका बँडवाल्याने माझी बासरी ऐकली. म्हणाला, एवढा दम मी कुणाचा पाहिला नाही, माझ्याबरोबर चल. मी तयार झालो. लखमाने चार माणसांत माझा हात धरून मला ओढलं आणि म्हणाला, "तू पिपाण्या फुकत फिर आन मेंढरं कोन राखंल? तुझा बँडवाला?" सगळे हसले. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, माझं लग्न ठरत होतं. मला ते फार लागलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी वळवणी वाजवायला उभा राहिलो आणि थांबलोच नाही. सगळी चाल एका दमात काढली. त्याला दाखवायचं होतं की माझा दम बघ, आणि तुझ्या उत्तराची मला गरजही नाही. तू कागदावर काढलीस ना, तशीच. टोकापासून टोकापर्यंत.

मेंढरं आली, कुत्री आली, लखमा आला नाही. तरी मी अर्धा तास गेलो नाही. म्हटलं, चिडला असेल तर चिडू दे. मग गेलो. ओढ्याकडेला बाभळीखाली पडला होता. पायाला साप चावला होता, बासरी हातात होती. डोळे उघडे होते पण बोलता येत नव्हतं. बैलगाडीत घालून औंढ्याला निघालो, रस्त्यातच गेला.

त्याने उत्तर दिलं असेल का, हे मी त्रेचाळीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. दिलं असेल तर ते माझ्याच वाजवण्यात बुडालं. नसेल दिलं, तर मी थांबलो असतो तेव्हाच मला कळलं असतं.

लोकांनी विचारलं, "संपत, थांबला व्हतास का?" मी म्हणालो, "थांबलो व्हतो. दोनदा थांबलो. त्येनं उत्तरच दिलं न्हाई, रुसला व्हता." मेलेल्या भावावर ढकललं मी. आणि सगळ्यांना ते पटलं, कारण जत्रेतलं भांडण सगळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हापासून मी वळवणी एकटाच वाजवतो आणि मधे थांबतो. मेंढरं विकली तरी थांबतो. म्हणून तुझं पान पाहिल्यावर मला वाटलं, कुणीतरी मला त्या संध्याकाळी पाहिलं आहे आणि आता ते लिहून ठेवलं आहे.

आता तू ठरव. जशी काढलीस तशीच कमान छापली तरी खोटं होणार नाही. मी तसंच वाजवलं होतं एकदा.

संपतराव


पुणे, ३० मार्च २०२४

आबा,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

मला तुमचा राग आला आहे. लपवून उपयोग नाही म्हणून लिहिते. आमच्या घरात रुसणं हा गुन्हा आहे. लहानपणी मी तोंड फुगवून बसले की बाबा कासावीस व्हायचे. म्हणायचे, "बोल की, काहीबी बोल, तुझ्या आज्यावानी गप राहू नको." बाबांना अजूनही कुणी हाक मारली तर ते ताटावरून उठून ओ देतात. हिंगोलीच्या घरात रस्त्यावरून कुणी दुसऱ्याच तातेरावला हाक मारली तरी उठतात. आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्यांच्या बापानं एकदा उत्तर दिलं नाही म्हणून तो मेला, असं आठ वर्षांच्या पोराला तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, आणि त्यानं ते आयुष्यभर मनाशी धरलं.

मी तुम्हाला माफ करते असं लिहिणार होते. पण ते माझ्या हातात नाही आबा. ते आजीचं आहे आणि बाबांचं आहे.

आणि माझंही मला कळेना. ती अकरा सेकंदं मी किती वेळा ऐकली! मला ती दम लागलेल्या म्हाताऱ्याची अकरा सेकंदं वाटली. तुमची दया आली मला, आणि दया आली म्हणून मी आजोबांची जागा पुसून टाकली. चौकोन धरून कमान ओढताना हात जराही अडखळला नाही. वर साहेबांची शाबासकी घेतली. तुम्ही रागाच्या भरात केलंत, मी सुंदर दिसावं म्हणून केलं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

सोबत दोन पानं आहेत. एकावर ती लांब कमान, दुसऱ्यावर दोन कमानी आणि मधे मोकळी जागा. कोणतं छापायचं हे मी ठरवणार नाही. तुम्ही दोन्ही पानं घेऊन आजीकडे जा आणि तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगणार नाही, बाबांनाही नाही. छपाईला वीस एप्रिलला सगळं द्यायचं आहे. तोवर तुमचं पत्र आलं नाही तर वळवणी पुस्तकातून काढून टाकेन. दहाच चाली छापतील.

नंदिनी


शिरड शहापूर, १२ एप्रिल २०२४

नंदिनी पोरी,

काल गेलो. आठ दिवस धीर झाला नाही. दारापर्यंत जायचो आणि तुझ्या आजीने "काय भावजी?" म्हटलं की मीठ मागून परत यायचो. घरात आता वर्षभराचं मीठ झालं आहे.

काल ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी समोर बसलो, दोन्ही कागद मांडले आणि सगळं सांगितलं. मला माझाच आवाज येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने बोलत होतो कुणास ठाऊक. शेजारची आशाबाई भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती. उभी राहू दे म्हटलं. जे साऱ्या गावासमोर खोटं सांगितलं, ते खरं करताना एक जण तरी असावं.

माझं झालं तरी तुझी आजी तूर निवडतच होती. मी तिच्या ओठांकडे पाहत होतो, कारण मला आता ओठांवरूनच कळतं. शेवटी तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, मला समजावं म्हणून एकेक शब्द वेगळा करून बोलली. जसं बोलली तसंच लिहितो.

"मला ठावं हाय भावजी. म्या ऐकलं व्हतं. मी भाकरी थापून राहिले व्हते. तुमची वळवणी आली आन ती थांबलीच न्हाई. मला वाटलं, आता थांबल, आता थांबल. न्हाई थांबली. आन मला ती इतकी ग्वाड लागली भावजी, की म्या पिठाचे हात तसेच घिऊन भाईर आले. सासूबाईला म्हणलं, ऐका तरी, काय दम हाय धाकल्याचा. मला रीत ठावं व्हती. उत्तर आलं न्हाई हे मला कळाय पाहिजे व्हतं. मी नुसती ऐकत उभी राहिले."

मी म्हणालो, "मंग तुमी बोलला काहून न्हाई? मी खोटं सांगून राहिलो व्हतो तवा?"

ती म्हणाली, "काय बोलू? माझा नवरा वढ्याकडंला पडला व्हता आन मी गाणं ऐकून राहिले व्हते, असं सांगू? तुमी म्हणले ते रुसले व्हते, तर म्या बी म्हणलं, रुसले व्हते. पोराला बी तेच सांगितलं. बरं पडलं ते मला."

तिने चहा केला नाही आणि मी उठलो नाही. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिनेही मला काही विचारलं नाही. आशाबाई कधी निघून गेली ते कळलं नाही.

तातेरावाला रविवारी बोलावलं आहे. दोघांनी मिळून सांगायचं ठरलं आहे. माझ्या आधी ती बोलणार म्हणते. तो काय म्हणेल ते तो म्हणेल. मारलं तरी मी हात वर करणार नाही.

आता तुझ्या कागदाचं. लांब कमानीचं पान तिने बाजूला सारलं. दुसरं पान हातात घेतलं आणि मला विचारलं, यात त्यांची जागा कंची. मी दोन कमानींच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. माझं बोट उचलून तिने आपलं ठेवलं. बोटाखाली ती जागा पुरी झाकली गेली.

म्हणाली, "एवढ्याशा जागंत त्येंनी कवा वाजवावं? आनखी सोडाय सांगा पोरीला."

संपतराव